घरासमोरचा किल्ला

शिकायला दक्षिण फ्रान्समध्ये गेलेल्या राजनंदिनीनं सुट्टीच्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या तटावरून चालत तिनं बुरूज, अरुंद गल्ल्या, खालची नदी आणि नदीतल्या होड्या, सगळं हौसेनं दाखवलं. इकडे परंड्यात कडूबाई गॅस बारीक करून डोळे भरून बघत राहिल्या.

"आतून किल्ला असा असतो व्हय गं?" त्यांनी विचारलं.

राजनंदिनीला हसू आलं. "असं काय गं आई? आपल्या घरासमोरच तर किल्ला आहे. बाबा आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला फिरवून आणतात."

 

"आणतात की," कडूबाई म्हणाल्या. "ते माघारी येईस्तवर मला त्या पाहुण्यांचा स्वयंपाक उरकावा लागतो."