आवतण

आखाडा बाळापूरच्या हॉटेलात नामाजीची रोजची कुरकुर चालू होती. "नुसत्या खताच्या गोण्या चारून राहिले जमिनीला. पयले शेतकरी घरी आवतण घेऊन यायचा, मेंढरं रातभर वावरात बसवा, लेंडीखत पडंल म्हनून. आता कोन इचारते?"

शेजारच्या बाकावरचा अनोळखी शेतकरी म्हणाला, "बराबर बोलले बाबा. उद्याच बसवा माझ्या वावरात. म्हनाल तेवढी ज्वारी देतो."

नामाजीनं बशीतला चहा सावकाश संपवला, घोंगडं खांद्यावर टाकलं.

"औंदा जमनार न्हाई. पयलेच लई जनांनी सांगून ठेवलं."

घरी आल्यावर त्यानं ते बायकोला सांगितलं. यशोदाबाई भाकर वाढता वाढता थांबली.

"मेंढरं इकून दोन साल झाले, हे काहून न्हाई सांगितलं?"

"इतक्या वर्सांनी कोनी इचारलं. न्हाईत म्हनून कसं सांगू?"