अहो-जाहो

"सर, आपण जरा खाली तर नाही ना आलो?" को-पायलट नूपुरने हळूच विचारलं.

धुक्यातून दिव्यांची रांग दिसत होती. कॅप्टन परुळेकर तिलाच धावपट्टी समजून विमान उतरवत होते. नूपुरला ते दिवे हायवेचे वाटले. पण ज्यांनी विमान चालवायला शिकवलं, त्यांना 'चुकताय' कसं म्हणायचं?

"सर, एकदा बघता का, प्लीज?"

तेवढ्यात कॉकपिटमधला अलार्म किंचाळला, "पुल अप! पुल अप!" अलार्म कुणाला अहो-जाहो करत नाही. कॅप्टननी विमान वर खेचलं. पोटाखालून ट्रक सरकले.

"कळलं होतं, तर ओरडली का नाहीस?" विमान पुन्हा वळवत ते म्हणाले. "उतरताना सर म्हणायचं नाही. अरे-तुरे कर."

दुसऱ्यांदा उतरताना नूपुर ओरडली, "ए, उंची बघ!"

"बघतो, मॅडम."