करवंदीचा काटा

"तो काटो काढू नकां, मेस्त्री."

स्क्रू सैल करणारा गंगाराम मेस्त्रीचा हात थांबला. फोनोच्या, म्हणजे चावीच्या ग्रामोफोनच्या, साउंडबॉक्समध्ये जिथे पोलादी सुई बसवतात, तिथे हौसाबाईने करवंदीचा काटा खोचला होता. नऊ वर्षे ती काटाच लावत होती. शिरोड्यात सुया मिळत नाहीत आणि करवंदी परसातच आहेत, एवढेच तिचे कारण.

"हौसाबाई, हो फोनो आसा, करवंदीची जाळी नाय," गंगाराम म्हणाला. "फोनोचो नवो हात सरळ बसलो की नाय, ता काट्यान कळणा नाय. सुईच व्हयी."

"तुमका म्हायत. माका शेवट ऐकाक व्हयो, इतक्याच."

शेवट म्हणजे बशीएवढ्या एका तबकडीचा शेवट. तिचा मुलगा महादू बोटीवर खलाशी होता. १९५२ साली परदेशातल्या कुठल्याशा बंदरावर तो एका यंत्रासमोर उभा राहून बोलला आणि ते बोलणे तबकडीवर उमटवून त्याने टपालाने आईला धाडले. महादू बुडाल्याची तार आधी आली. तबकडी पंधरा दिवसांनी.

फोनोही महादूनेच मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेला. पेटी एकाची, मोटार दुसऱ्याची, साउंडबॉक्स धरणारा हात तिसऱ्याच कुठल्या लहान फोनोचा, बोटभर आखूड. मोठ्या तबकड्यांना तो कसाबसा पुरे. ही तबकडी लहान, तिच्या रेषा पार मधल्या खिळ्यापाशी जाणाऱ्या. तिथे तो पोचत नसे. महादू "आनी आये" म्हणे, हात अडे, आणि काटा त्याच रेषेत फिरत राही. आनी आये, आनी आये. मग हौसाबाई काटा उचलून घेई. नऊ वर्षांत तिचा मुलगा त्या दोन शब्दांपुढे गेला नव्हता.

शिमग्याच्या आधी ती पहिल्यांदा वेंगुर्ल्याला आली तेव्हा गंगारामने पेटीचे माप काडीवर घेऊन ठेवले. पुढचे चार महिने तो जोडीचा हात शोधत होता. शेवटी सावंतवाडीच्या एका बंद पडलेल्या फोनोचा मिळाला. तिला निरोप गेला. आज ती पेटी वाकळीत गुंडाळून, मांडीवर घेऊन पहिल्या एस.टी.ने आली होती आणि सकाळपासून दुकानाच्या पायरीवर बसून होती.

गंगारामने जुनी भोके सागवानी खुंट्यांनी बुजवली. नवी पाडली. हात बसवून टोक खिळ्यावर आणून पाहिले. ते खिळ्याच्या एक तांदूळभर पुढे गेले पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. दोनदा काढले, दोनदा बसवले. हात त्याने बरोबर बसवला, त्याबद्दल पुढेही कोणी शंका घेतली नाही.

काटा त्याने फळीवर ठेवला. डबीतून नवी सुई घेतली, स्क्रू आवळला आणि आधी दुकानातली एक गवळण लावून पाहिली. ती अगदी शेवटच्या रेषेपर्यंत वाजली.

"आता हाडा तुमची."

हौसाबाईने कमरेच्या पिशवीतून तबकडी काढली. कागदी पाकिटावर इंग्रजीत चार ओळी छापलेल्या होत्या. गंगारामला इंग्रजी फोनोच्या नावांपुरतेच येत होते. समोर पोस्ट होते, तिथला मास्तर कोणालाही वाचून देई. गंगारामने पाकीट बाजूला ठेवले आणि चावी भरली.

आवाज दणदणीत आला. काट्यावर महादू भिंतीपलीकडून बोलल्यासारखा वाटे. आता तो दुकानात उभा होता.

"आये, मी महादू. एका कपाटात उभो रवान बोलतंय, हसू नको. मी बरो आसंय. हंय मासो मिळता, पण त्येका चव नाय..." मध्येच तो खोकला.

"खोकलोय कळलो!" हौसाबाई पायरीवरून उठली. "ह्यो खोकलो माका कधी आयकाक येऊक नाय!"

"मगे काय सांगी होतंय?" गंगाराम म्हणाला. "सुई ती सुई."

सुईपाशी केसासारखा बारीक, काळा दोरा गोळा होत होता. नऊ वर्षांची धूळ असेल, असे त्याला वाटले. त्याने हलकेच फुंकर मारली.

"आनी आये," महादू म्हणाला.

हौसाबाईने लुगड्याचा पदर मुठीत घट्ट धरला. हात अडला नाही. तो आत सरकत राहिला.

"आनी आये, हिका लोखंडाची सुई लावू नको हां. हयलो सायब सांगता, लोखंडान एकदाच वाजतली, मगे आवाज खरवडान जातलो. आपल्या परसातलो करवंदीचो काटो लाव. काट्यान तुका जलमभर पुरतली. येतंय."

तबकडी फिरत राहिली. गंगारामने हात उचलला आणि सुईला गुंडाळलेला काळा दोरा चिमटीत घेतला. ती धूळ नव्हती.

हौसाबाई डोळे पुसत हसत होती. फळीवरचा काटा तिने उचलला आणि तळहातावर ठेवून त्याच्यापुढे धरला.

"बगलात? माझो झील पण काटोच म्हणता! ह्यो घेवा, मेस्त्री. आता पयल्यापासून परत लावा."