रुमाल टाकलेली जागा

"अहो, विमानात नंबर असतात, कुणी पळवत नाही तुमची जागा!" दरवेळी मी यांच्यावर चिडायचे. पण एसटीची सवय जाते कुठे? दार उघडलं की हे धक्काबुक्की करत पहिले आत शिरणार, खिडकीशी माझ्यासाठी रुमाल टाकणार आणि सगळ्यांदेखत मला हाका मारणार.

हे गेल्यानंतर आज पहिल्यांदाच एकटी नागपूरला निघाले. मुद्दाम सगळ्यांत शेवटी विमानात चढले.

माझ्या जागेवर रुमाल होता. निळ्या काठाचा, कोपऱ्यात मी भरलेलं पिवळं फूल. यांना शेवटचं नेताना मीच तो छातीवर ठेवला होता. यांच्याबरोबर जळालाही होता.

शेजारची मुलगी म्हणाली, "काकू, एक काका टाकून गेले. म्हणाले, आमची ही येतेय, कुणाला बसू देऊ नकोस."

मी रुमाल उचलला. नुकताच घाम पुसल्यासारखा ओला होता.

दार बंद झालं. "काका परत आलेच नाहीत," मुलगी मान उंचावून बघत म्हणाली. "गेले कुठे?"

रुमाल मुठीत घट्ट धरून मी पट्टा बांधला.

"पुढची जागा धरायला," मी म्हटलं.