चार सेकंदांत शिवला

खरे कावळे संपून अकरा वर्षं झाली होती. आता दहाव्याला घाटावर यंत्राचा कावळा भाड्याने मिळायचा.

नवऱ्याच्या पिंडाकडे बघत सिंधूताई उन्हात उभ्या होत्या. सासऱ्यांच्या दहाव्याला खरा कावळा दोन तास शिवला नव्हता. शेवटी त्यांच्या नवऱ्याने हात जोडून "आईला मी अंतर देणार नाही" असं म्हटलं, तेव्हा कुठे तो भातावर येऊन बसला. आज मुलाला, हेमंतलाही तेच म्हणावं लागेल, या एका आशेवर त्या तग धरून होत्या.

हेमंतने मोबाइलवर बोट टेकवलं. कावळा उडाला आणि पिंडाला चोच लावून चार सेकंदांत परत आला.

"मॉडेल झकास आहे," जावई म्हणाले. "जुना उगाच घिरट्या घालायचा."

"बॅटरीही टिकते याची," हेमंत म्हणाला.

"अरे, पण त्यांची इच्छा कुणी विचारलीच नाही," सिंधूताई पुटपुटल्या.

"शिवला ना, आई? म्हणजे बाबांची काही इच्छा राहिली नव्हती. चल आता, वृद्धाश्रमात चारनंतर दाखल करून घेत नाहीत."