स्वागताला बाबा

यास्नाने सर्बियातल्या चाचाक गावात दातांचा दवाखाना थाटला. पेशंटच्या स्वागताला बाबा हौसेने बाहेर बसायचे. बाहेर दिवसभर माणसांचे आवाज, आत खुर्चीवर मात्र चिटपाखरू फिरकत नव्हतं.

आज गाल धरून कण्हत आलेली बाई तिने खिडकीतून स्वतः पाहिली. हातमोजे चढवून ती वाट बघत राहिली. कुणीच आलं नाही. वैतागून तिने दार उघडलं. बाहेर एकटे बाबा, हातात आलुबुखाराच्या घरी गाळलेल्या दारूची, राकियाची बाटली.

"ती बाई कुठे गेली?"

"घरी. एक घोट दाढेवर धरायला लावला, ठणका थांबला."

"बाबा, रोज हेच करताय तुम्ही?"

"मग?" बाबांची छाती फुगली. "तुझ्या दारातून अजून एकही माणूस कण्हत परत गेलेला नाही, पोरी."