शर्शेनच्या घरचा पाहुणचार

तालाय बूट काढून लोकरी नमद्याच्या तंबूत शिरला आणि बसल्याबसल्या त्यानं नानचा तुकडा मोडून तोंडात टाकला. आधी घरचं अन्न, मग तपासणी, हे प्रशिक्षणात घोकून घेतलं होतं. गेल्या वर्षी एका घरी हा अन्न तपासनीस काही न खाता थेट दुधाच्या डब्यांकडे गेला होता. नंतर अख्खं नारीन खोरं त्याला दारात उभं करीना. नोकरी जाता जाता वाचली, म्हणून तर ते प्रशिक्षण.

या खेपेला कचेरीत निनावी फोन आला होता. शर्शेन म्हाताऱ्याची गाय गाभडलीय, तरी तिची साय रस्त्यावर विकतायत. अशा गाईचा रोग सायीतून लागून माणसं महिनोन् महिने तापानं फणफणतात, हे तालायला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं अदबीनं विचारलं, "गाई बऱ्या आहेत ना, आजोबा?"

"ठणठणीत. आधी खा, बाळा. गोठा काय पळून जातोय?"

सून खाली मान घालून चहा ओतत होती. तिनं सायीचा वाडगा तालायपासून दूर सरकवला. म्हाताऱ्यानं तो पुन्हा पुढे केला. जरा वेळानं तिनं तो उचलूनच नेला. नवखी असेल बिचारी, तालायला वाटलं. तिलाही दोन प्रश्न विचारावेसे वाटले. पण सासऱ्यासमोर सुनेला बोलतं करू नये, हेही प्रशिक्षणात बजावलं होतं. त्यानं तिच्याकडे बघणंसुद्धा टाळलं. आपल्या शहाणपणाचं त्याला कौतुकच वाटलं.

मग मेंढीचं डोकं आलं आणि मानाचा पाहुणा म्हणून त्याच्याच पुढ्यात ठेवलं गेलं. यानंतर गोठा दाखवा म्हणायचं, म्हणजे यजमानाला तोंडावर खोटं पाडायचं. तालायनं 'सर्व ठीक' लिहून सही केली. म्हाताऱ्यानं तोंड भरून आशीर्वाद दिले. तालायला भरून आलं. वर्षभराचा सल आज निघाला होता.

सायीची बरणी देऊन म्हाताऱ्यानं सुनेला गाडीपर्यंत पाठवलं. तिथं ती पहिल्यांदा बोलली.

"गोठा बघितलात?"

"गरजच नाही पडली, ताई. कुणीतरी जळून फोन केला असणार. तक्रार निकालात काढली मी. आता बिनघोर राहा."

तिनं बरणी पुढे केली नाही.

"फोन मी केला होता, दादा."